सात चोवीस

डेलबर्ट पकेट जाऊन दोन महिने होत आले तरी त्याची बायको ट्वायला रडली नव्हती, आणि ही गोष्ट ब्रायर क्रीकमध्ये सगळ्यांनाच खटकत होती. तोंडावर कोण बोलणार? पण रविवारी चर्चमध्ये तिच्या शेजारी बसणाऱ्या बायका पर्समध्ये एक जादा रुमाल घेऊन यायच्या आणि तो तसाच घडीचा घडी परत न्यायच्या. दफनाच्या दिवशी पाद्रीबाबाच बोलता बोलता गहिवरले. शवपेटीला हात लावून चालणारा डेलबर्टचा मित्र ग्रेडी, तीनशे पौंडांचा आडदांड गडी, हमसून हमसून रडत होता. आणि ट्वायला त्याला काय म्हणाली? "सांभाळून रे, पायरी ओली आहे."

दगड नव्हती हो ती. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात, मग गाल कसा होतो? जागेवर असतो, पण आपला वाटत नाही. तसं तिचं आतून झालं होतं. सकाळी उठायची, कॉफी प्यायची, धान्याच्या कोठारावर वजनकाट्याच्या खोलीत जाऊन बसायची. मक्याचा ट्रक भरलेला आला की वजन करायचं, रिकामा होऊन आला की पुन्हा वजन करायचं, भरल्यातून रिकामं वजा केलं की धान्य किती ते कळतं. पंचवीस वर्षं तेच काम. या दोन महिन्यांतही तिची एक वजाबाकी चुकली नव्हती. मालक म्हणाला, "रजा घे गं थोडी." ती म्हणाली, "घरी बसून कुणाचं वजन करू?"

घरामागच्या गॅरेजमध्ये डेलबर्टची गाडी होती. एकाहत्तर सालची निळी नोव्हा. आतलं सगळं काढून टाकलेली, इंजिन वाढवलेली, शनिवारच्या शर्यतीपुरतीच बाहेर निघणारी. ट्वायला रोज गॅरेजमधून धुण्याची बादली आणायला जायची आणि रोज गाडीकडे बघायची. काही म्हणजे काही वाटायचं नाही. एके दिवशी तिनं ठरवलं, ज्याच्याबद्दल काही वाटत नाही ते ठेवायचं कशाला? आणि नदीपलीकडच्या हेगन नावाच्या माणसाला विकायचं कबूल करून टाकलं.

हे ग्रेडीला कळलं तसा तो तडक आला. बरोबर वेन्डलला घेऊन. ही दोघं म्हणजे डेलबर्टची शाळेपासूनची जोडगोळी. ग्रेडीचं सायलेन्सरचं दुकान होतं; वेन्डल शाळेची बस चालवायचा, अंगानं असा की वाऱ्यावर उडून जाईल. वीस वर्षं दर शनिवारी हे तिघं आणि ट्वायला, एवढा कबिला नोव्हा घेऊन ट्रॅकवर जायचा.

"विकतेस?" ग्रेडी दारातूनच ओरडला. "अगं बाई, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"ओरडू नकोस. कॉफी हवी का?"

"कॉफी गेली खड्ड्यात! ती गाडी गेली की आपले शनिवार गेले. मग मी काय करू, बायकोबरोबर पडदे घ्यायला जाऊ?"

"जा की. तिलाही बरं वाटेल."

वेन्डल मध्ये पडला. तो बोलायचा कमी, पण बोलला की ऐकावं असं. "ट्वायला, तुमचं दोघांचं मिळून जे काही होतं, ते त्या गाडीत होतं. एकदा गेली की परत मागता येणार नाही तुला. एक शनिवार दे. मोसमाची पहिली शर्यत. मी चालवतो."

शेवटी सौदा ठरला. शनिवारी एक फेरी जरी गाडीनं जिंकली तर हा उन्हाळा ती विकायची नाही. एकही नाही जिंकली तर हेगननं तिथूनच ट्रेलरवर घालून न्यायची. ग्रेडीनं हात पुढे केला, ट्वायलानं हातात हात दिला. तिला हेही चाललं असतं आणि तेही. ग्रेडीला ते दिसत होतं.

आता या शर्यतीची एक गंमत आहे, ती कळली पाहिजे. फर्लांगभराची सरळ सडक, दोन गाड्या, समोर दिव्यांचा खांब. पण जो जास्त पळाला तो जिंकला, असं इथे नाही. आपली गाडी किती सेकंदांत पोचेल तो आकडा ज्यानं त्यानं आधीच काचेवर लिहायचा, बुटांच्या पांढऱ्या पॉलिशनं. ज्याची गाडी हळू तिला तेवढं आधी सोडतात, म्हणजे खटारासुद्धा रॉकेटला हरवू शकतो. फक्त एक करायचं नाही. आपण लिहिलेल्या आकड्यापेक्षा लवकर पोचायचं नाही. पोचलात की बाद. म्हणजे स्वतःच्या गाडीला जो अचूक ओळखतो तो जिंकतो.

आणि नोव्हाला ओळखायची ती ट्वायला. डेलबर्टला इंजिन कळायचं, पण आकडा तिचा. हवा किती गरम, किती दमट, वारा समोरून की पाठीमागून, सडक किती चिकट, हे सगळं बघून ती पॉलिशची बाटली उलटी करायची आणि काचेवर आकडा ओढायची. पुष्कळ चालक शेवटी शेवटी ब्रेकवर पाय ठेवतात, आकडा चुकला असला तर सांभाळून घ्यायला. डेलबर्टनं कधी ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावला नाही. "मास्तरीणबाईनं लिहिलंय ना? मग झालं," असं म्हणायचा आणि तळाशी दाबून धरायचा. ती आकडा लिहीत असताना कुणी तोंड उघडायचं नाही, हा त्याचा कडक नियम. ग्रेडीनं एकदा उघडलं होतं, तर डेलबर्टनं त्याला आठवडाभर 'हवामान खातं' म्हणून हाक मारली होती.

शनिवारी सकाळी पाऊस पडून गेला. ट्रॅकवाले ट्रकमागे जुने टायर ओढत सडक वाळवत बसले आणि दुपार झाली. सरावाला एकच खेप मिळाली, तीही फुकट गेली. ओलसर सडकेवर नोव्हाची चाकं जागेवरच फिरली, गाडी लंगडत पोचली. त्या वेळेवरून काही कळण्यासारखं नव्हतं. आता आकडा ट्वायलानं डोक्यातूनच काढायचा होता.

हेगन आला होता. पन्नाशीचा, साधा, टोपी हातात घेऊन बोलणारा माणूस. रिकामा ट्रेलर कुंपणाशी लावून तो लांब उभा राहिला. ग्रेडी त्याच्याकडे असा बघत होता की बिचाऱ्यानं उकडलेल्या शेंगांचा पुडा पुढे केला तो तसाच मागे घेतला.

वेन्डल हेल्मेट घालून गाडीत बसला. पाठीमागे त्यानं घरच्या सोफ्यावरची उशी घेतली होती, सूर्यफुलं भरलेली. डेलबर्टची सीट पार मागे ठोकून बसवलेली, वेन्डलचे पाय पोचत नव्हते.

"वा! उशीबिशी!" ग्रेडी म्हणाला. "पांघरूण पण आणायचं होतंस."

"तुझं आणणार होतो. पण त्यात तंबू होईल, पांघरूण नाही."

"बरं बरं. आणि ही बस नाही, लक्षात ठेव. फाट्याफाट्यावर थांबू नकोस, पोरं उतरायची नाहीयेत."

ट्वायलानं उशी पाहिली. पाहिली आणि नजर वळवली. मग ती गाडीच्या काचेशी गेली. मान वर करून आभाळ पाहिलं, कुंपणावरच्या झेंड्याची फडफड पाहिली, वाकून सडकेला तळवा लावला. दोघंही गप्प झाले. तिनं बाटली उलटी केली आणि लिहिलं: सात चोवीस. म्हणजे सात सेकंद आणि वर चोवीस शतांश.

ग्रेडीनं आकडा वाचला. वेन्डलनं आतून उलटा वाचला. दोघांची क्षणभर नजरानजर झाली.

"काय झालं?" ट्वायलानं विचारलं.

"कुठं काय," ग्रेडी म्हणाला आणि पुढच्या टायरला उगाच लाथ घालून आला.

समोर एका तरण्या पोरीची लाल पिकअप होती. ती हळू, म्हणून आधी सुटली. मग नोव्हाचा हिरवा दिवा लागला आणि गाडीनं पुढचा भाग उचलून जी झेप घेतली, ती वीस वर्षं बघितलेली झेप. आवाज छातीत घुमला. सडकेच्या शेवटी निळी गाडी लाल गाडीला मागे टाकून पुढे निघाली आणि स्टँडमधली माणसं ओरडली. पण विजयाचा दिवा पोरीच्या बाजूला लागला. फलकावर नोव्हाचा आकडा आला, सात सतरा.

लिहिल्यापेक्षा लवकर. बाद.

ट्वायलानं फलकाकडे पाहिलं. कोठारावर नवख्या ड्रायव्हरचा ट्रक काट्यावर वाकडा उभा राहिला की ती जशी बघायची, तशी. हे शक्य नाही, एवढंच तिला वाटलं. दुःख नाही, राग नाही. एखाददुसऱ्यानं ती चुकली असती तर समजलं असतं. हे सात म्हणजे फारच झालं. गरमी धरली होती. दमटपणा धरला होता. वारा धरला होता. मग राहिलं काय?

वेन्डल परतीच्या रस्त्यानं गाडी घेऊन आला, हेल्मेट काढलं आणि लगेच बोलायला लागला. "माझं चुकलं. पिकअप मागे पडली तेव्हाच ब्रेक मारायला हवा होता. माझंच चुकलं, ट्वायला."

"डेलबर्टनं कधी मारला होता?" ती म्हणाली.

"वारा पडला मध्येच," ग्रेडी म्हणाला. "मला जाणवला ना! माझ्या अंगाला वारा जास्त लागतो."

"वारा पडला नव्हता. झेंडा बघत होते मी."

तेवढ्यात भोंग्यावरून पुकारा झाला. पहिल्या फेरीत हरलेल्यांना पैसे भरून पुन्हा उतरायचं असेल तर खिडकीवर या. त्याला बाय-बॅक म्हणतात. दुसऱ्या फेरीपुरती ती सोय असते, एकदाच. ग्रेडीनं डोळे मोठे करून तिच्याकडे पाहिलं. "ट्वायला? आपलं एका फेरीचं ठरलंय. कुठल्या फेरीचं ते कुठं ठरलंय? भरू का?"

"नको."

"अगं—"

"हरली. संपलं. हेगनना बोलाव."

"अगं, इथे मेलेला जिता होतो पैसे भरून! आणखी कुठे मिळतं हे?"

तो बोलून गेला आणि मग आपण काय बोललो ते त्याला कळलं. त्याचं थोबाड पडलं. ट्वायलाला काहीच लागलं नाही. लागायला हवं होतं, एवढं तिला समजत होतं.

तिनंच हात करून हेगनला बोलावलं. तो आला, टोपी काढली, म्हणाला, "वाईट वाटलं, बाई. फार सुंदर सुटली गाडी." मग जरा घुटमळून विचारलं, "एकदा आत बसून बघू का?"

"बघा की. तुमचीच आता."

वेन्डल मागे सरला. हेगन दारात वाकला आणि सीटवरची उशी उचलून बाहेर काढली. "ही काय भानगड?" तो हसून म्हणाला. "केवढी जाड! आधी चालवणारा चांगलाच धिप्पाड दिसतोय."

त्यानं उशी ट्वायलाच्या हातात दिली.

तिनं ती दोन्ही हातांत धरली. गुबगुबीत उशी होती, वेन्डलच्या बायकोनं हातानं भरलेली. तिनं सीटकडे पाहिलं, मग वेन्डलकडे पाहिलं. वेन्डल सीटमध्ये बसला होता तेव्हा त्याच्या पाठीमागे एवढी जागा रिकामी होती. डेलबर्ट बसायचा तेव्हा पाठीमागे कागद घालायला जागा नसायची. पट्टे कसताना ती म्हणायची, पोट आत घे, आणि तो म्हणायचा, घेतलंय.

"वेन्डल," ती म्हणाली, "तुझं वजन किती?"

वेन्डल बुटांकडे बघायला लागला.

"किती वजन आहे तुझं?"

"दीडशे. कपड्यांसकट."

डेलबर्टचं अडीचशेच्या वर. शंभर पौंड उतरले की नोव्हा किती पुढे जाते ते तिला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. सहा, नाहीतर सात. पेट्रोलचा डबा गाडीत राहिला तरी ती धरायची. गरमी धरली, वारा धरला, सडकेचा ओलावा धरला, आणि नवऱ्याला वजा करायचं राहिलं. भरलेला ट्रक आणि रिकामा ट्रक, दिवसभर दुसरं काही न करणारी बाई, आणि ती आपल्या माणसाला गाडीत तसाच बसवून आकडा लिहून मोकळी झाली.

ती ग्रेडीकडे वळली. "तुम्हाला माहीत होतं."

ग्रेडीनं टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"मी आकडा लिहिला तेव्हाच कळलं होतं तुम्हाला. दोघांनाही. गाडी जाणार हे माहीत असून गप्प बसलात?"

"मग काय सांगणार होतो गं तुला?" ग्रेडीचा आवाज फाटला. "नवरा उतरव म्हणून सांगू गाडीतून? मला नाही जमलं. गाडी गेली तर गेली म्हटलं."

"आणि तू? ब्रेक का नाही मारलास?"

वेन्डलनं हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. "मनात आलं होतं," तो म्हणाला. "पण पाय उचलेना. डेलबर्टचा आकडा होता तो. आपण खोटा कसा पाडायचा?"

भोंग्यावरून शेवटचा पुकारा झाला. हेगन गाडीच्या दाराला हात लावून उभा होता. भला माणूस होता, त्याला काहीतरी चाललंय एवढं कळलं आणि त्यानं हात काढून घेतला.

"हेगन, जरा थांबाल?" ट्वायला म्हणाली. "एक फेरी."

"थांबतो की, बाई. मला कुठं गाडी पकडायचीय."

ग्रेडी खिडकीकडे जो धावला, तो तीनशे पौंडांचा माणूस धावताना त्या ट्रॅकवर कुणी कधी पाहिला नव्हता.

ट्वायलानं उशी वेन्डलच्या हातात दिली. मग तिनं बाहीचं टोक ओठाला लावून ओलं केलं आणि काच पुसायला घेतली. पॉलिश वाळलं होतं, चटकन निघेना. तिनं पुसलं, खरवडलं, पुन्हा पुसलं. सात राहू दिला. चोवीस गेला. काचेवर पांढुरका ढग उरला, तोही तिनं पुसून काढला.

ऊन उतरलं होतं, हवा जरा गार झाली होती. त्याचा एक वजा केला. मग डेलबर्टचे सात वजा केले. बाटली उलटी करून तिनं लिहिलं: सात सोळा. पूर्वी इतके सरळ आकडे काढायची ती. आज सोळातला सहा वाकडा आला. पण वाचता येत होता.

"दाबून धर," तिनं वेन्डलला सांगितलं. "पाय उचलायचा नाही."

"नाही उचलत."

या खेपेला शेजारी एक म्हातारा होता, पिवळी गाडी घेऊन आलेला. त्याची गाडी नोव्हापेक्षा चपळ, म्हणून नोव्हा आधी सुटली. पुढचा भाग वर उचलला गेला, आवाज छातीत आला, पिवळी गाडी मागून घोंघावत आली आणि शेवटच्या पांढऱ्या पट्ट्याशी दोघं जवळजवळ एकत्रच पोचले. ग्रेडीनं डोळे गच्च मिटून घेतले होते. ट्वायलानं नाही. ती फलकाकडे बघत होती.

दिवा नोव्हाच्या बाजूला लागला. वर आकडा उमटला. सात सोळा.

"सात सोळा!" ग्रेडी डोळे उघडून किंचाळला. "अगं बाई, बरोब्बर! एक इकडे नाही की तिकडे नाही! जिंकलो! हेगन, घरी जा!" त्यानं टोपी फेकली, ती कुणाच्या तरी शेगडीवर पडली. स्टँडमध्ये डेलबर्टला ओळखणारी माणसं होती, ती उभी राहून टाळ्या वाजवत होती.

ट्वायला उभीच होती. वर तो आकडा लखलखत होता. तिच्या आकड्यात चूक नव्हती. शंभर पौंड वजा केले होते आणि गाडी म्हणत होती, बरोबर आहे, एवढेच कमी आहेत. दफनाच्या दिवशी पाद्रीबाबांनी सांगितलं होतं, डॉक्टरनं सांगितलं होतं, घरातल्या रिकाम्या खाटेनं रोज सांगितलं होतं. पण ती आजवर कुणाच्या सांगण्यावर कधी चालली होती? काट्यानं सांगितलं तरच खरं मानायची.

ती ओल्या गवतात मटकन बसली आणि रडली. म्हणजे कशी? तोंड उघडून, मोठ्यानं, नाक पुसायची शुद्ध न ठेवता. ग्रेडीची आरडाओरड जागच्या जागी थांबली. तो तिच्याजवळ आला आणि कसाबसा, एक हात जमिनीला टेकत, खाली बसला.

"तो नव्हता रे," ती म्हणाली. "ग्रेडी, गाडीत तो नव्हता."

"नव्हता गं," ग्रेडी म्हणाला. "नव्हता."

त्यानं तिच्या खांद्याभोवती आपला जड हात टाकला आणि तोही लागला रडायला. शेजारच्या गाडीपाशी बसलेल्या बाईनं जवळचा रुमाल आणून दिला. या खेपेला तो घडीचा परत गेला नाही. लांबवर हेगननं टोपी डोक्यावर ठेवली, कुणाला काही न विचारता ट्रेलरच्या साखळ्या उचलून आत टाकल्या आणि निघून गेला.

थोड्या वेळानं वेन्डल परत आला. उशी काखेत मारून, हसत हसत उतरला, दोघांना गवतात बसलेलं पाहून हसू आवरलं आणि तिथंच उभा राहिला. भोंग्यावरून तिसऱ्या फेरीच्या गाड्यांना बोलावत होते.

"ट्वायला," शेवटी तो हळूच म्हणाला, "आपल्याला बोलावतायत. आकडा तोच ठेवू?"

ट्वायलानं रुमालानं तोंड पुसलं. डोळ्यांतून अजून वाहतच होतं. तशातच तिनं मान वर करून आभाळाकडे पाहिलं, झेंड्याकडे पाहिलं, गवतात टेकलेला तळवा उचलून गालाला लावून पाहिला.

"नको. आणखी गार झालंय," ती म्हणाली. "बाटली दे इकडे. आणि गप्प बसा दोघं."